मदत हवी आहे: स्लॅबच्या तोंडावर ठेकेदार जादा पैसे मागतोय

उंबरठा:
घराचं काम चालू आहे. शनिवारी स्लॅब. ठेकेदार आज म्हणाला, एरिया वाढला, लोखंडही जास्त लागलं, आधी पैसे द्या. नकाशा तोच आहे, एक भिंत हललेली नाही. द्यावेत का? लवकर सांगा.

ओळंबा:
ठेका नुसता मजुरीचा की मालासकट? दर कुठल्या मापावर ठरलाय?

उंबरठा:
मालासकट. स्क्वेअर फुटावर.

ओळंबा:
अहो, पण कुठले स्क्वेअर फूट? ठेकेदार बहुतेक वेळा स्लॅबचं बाहेरून बाहेर माप धरतात. त्यात भिंतींची जाडी, बाल्कनी, जिना सगळं आलं. छज्जा कोणी पूर्ण धरतो, कोणी अर्धा. करारात काय लिहिलंय?

उंबरठा:
एकच पान आहे. फक्त दर लिहिलाय.

विटकरी:
विटांऐवजी हलके ब्लॉक घ्या. वजन कमी, जोडाईला माल कमी. मी अख्खं घर त्यातच बांधलं.

तिरकी रेघ:
त्यांनी विटांचं विचारलंय कुठे? आणि हे ब्लॉक पाणी पितात, ते नाही सांगितलंत.

विटकरी:
बाहेरून प्लास्टर नीट केलं की काही होत नाही. मिस्त्री लोक उगाच घाबरवतात.

सळईवाला:
भांडा निवांत. उंबरठा, मालासकट ठेका असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर वाढीव लोखंड त्याच्या खिशातून. तरी वजन स्वतः काढा. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते येतं. ८ मिमीला ०.३९५, १२ ला ०.८९. स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून, म्हणजे डिझायनरकडून, बीबीएस घ्या आणि ताडून बघा. काँक्रीट पडल्यावर काय मोजणार?

उंबरठा:
बीबीएस म्हणजे?

सळईवाला:
कुठली सळई किती लांब, कशी वाकवायची, किती नग, किती वजन, त्याचा तक्ता.

उंबरठा:
तसलं काही नाही. ड्रॉइंगमध्ये सळ्या १५० मिमी अंतरावर दाखवल्यात. साइटवर जवळजवळ बांधलेल्या दिसतात.

ओळंबा:
हे आधी सांगायचं ना! १५० च्या जागी १२५ वर बांधल्या तर त्या दिशेचं लोखंड २० टक्के वाढतं. कोणी सांगितलं तसं बांधायला?

वाळूचा किल्ला:
सोलर बसवणार असाल तर स्लॅबमध्ये पाइप आत्ताच टाकून घ्या. नंतर फोडाफोडी होते.

उंबरठा:
सोलर नंतर बघू हो. ठेकेदार म्हणतो डिझायनरने तोंडी सांगितलं. डिझायनर फोन उचलत नाही. स्लॅब पुढे ढकलू?

तिरकी रेघ:
ढकला. सेंट्रिंगच्या फळ्या-टेकूंचं भाडं वाढेल म्हणून तो ओरडेल, ओरडू दे.

ओळंबा:
डिझायनरने लोखंड तपासून लेखी दिल्याशिवाय स्लॅब भरू नका. पण जास्तीच्या सळ्या परस्पर काढायला लावू नका. बदल खरंच हवा असेल तर?

सळईवाला:
सकाळी टेप घेऊन वर चढा. दोन सळ्यांमधला एकच गाळा मोजून फसाल, म्हणून ११ सळ्यांमधलं एकूण अंतर घ्या, भागिले १०. दोन्ही दिशांनी. फोटोत टेपचे आकडे दिसू देत, ते इथे टाका.