दारातली साडेतीन फूट जागा, बजेट तीन हजार आणि खिळा मारायला बंदी

पेडणेकरीण

नमस्कार मंडळी. आधी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

आम्ही गोव्यात, फोंड्यात भाड्याने राहतो. वनबीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं की हॉलच्या आधी एक बोळकांडं लागतं: साडेतीन फूट रुंद, साडेचार फूट लांब. टेप लावून मोजलंय. दार आत, डावीकडे उघडतं, म्हणजे डावी भिंत दारानेच खाल्ली. दार पूर्ण उघडलं की त्याच्यामागे जेमतेम नऊ इंच उरतात. उजव्या भिंतीवर बरोबर डोक्याच्या उंचीला एमसीबीचा, म्हणजे विजेच्या मेन स्विचांचा डबा. अख्ख्या फ्लॅटमध्ये बिल्डरला तेवढीच जागा सापडली.

या बोळकांड्यात राहणारी मंडळी: पादत्राणं चौदा जोड (माणसं तीन!), हेल्मेटं तीन, रेनकोट तीन, छत्र्या चार, त्यातल्या चालू दोन, मुलाचं दप्तर, आणि पोदेराच्या (दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याच्या) पावासाठीची पिशवी, जी सकाळी कधीच जागेवर सापडत नाही. खाली भोंगा वाजतो, मी पिशवी शोधते, पोदेर पुढच्या बिल्डिंगला पोचलेला असतो.

मार्चमध्ये ऑनलाइन एक शू रॅक मागवला. पंधराशे रुपये. फोटोत अक्रोडाच्या लाकडासारखा दिसत होता, निघाला पार्टिकल बोर्डचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालची फळी पुरीसारखी फुगली. आता झाकण लागत नाही, आणि लागलं तर उघडत नाही. परवा जोर लावून उघडलं तर आत नवऱ्याचे काळे बूट हिरवे. हे कुंडईला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहेत, तिथे बूट सक्तीचे. त्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून, फ्रिजच्या मागे सुकवून पाठवले. दिवसभर यांच्याभोवती कोंदट वास होता म्हणे.

आमचं पेडण्याचं घर कौलारू. पुढे सोपो, म्हणजे ओसरी. चपला पायरीवर, छत्री वाशाला अडकवलेली, माणूस सोप्यावर टेकलेला. कोणी काही 'ऑर्गनाइज' केलं नव्हतं, तरी कधी कोणी कशाला अडखळलं नाही.

तर अटी अशा:
भिंतीला खिळा, ड्रिल काही चालणार नाही. अकरा महिन्यांच्या करारात मालकीणबाईंनी ते वेगळ्या ओळीत लिहून घेतलंय.
बाहेर पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही, सोसायटीची नोटीस आहे.
बजेट तीन हजार. पंधराशे आधीच बुडालेत.
चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर येणार. त्यांना उभ्याने चपला काढता येत नाहीत.

आणि थोडं बरं दिसावं हो. पोस्टमन आला तरी मी दार चार बोटं उघडून बोलते, इतकी लाज वाटते.

---

नाईट_शिफ्ट

चिकटवायचे हूक घ्या की. शंभर रुपयांत पाकीट. मी सगळं घर त्यावर टांगलंय.

---

पेडणेकरीण

घेतले होते दादा. रात्री अडीचला रेनकोटासकट खाली आला, आणि हुकाच्या मागे भिंतीचा तळहाताएवढा रंगही आला. तो डाग आता कॅलेंडरखाली लपवलाय.

---

चौकटवाला

ताई, वडील सुतार, मी पण तेच करतो, कुडचड्याला. जरा लांब लिहितो.

पहिलं, त्या रॅकवर आता एक पैसा घालू नका. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली पाटी. कडेची पट्टी सुटली की पाणी आत शिरतं, आणि एकदा फुगलेला बोर्ड सुकला तरी परत बसत नाही. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. फळीवर पाणी सांडायचीही गरज नाही, हवाच पुरते. प्लाय घ्यायची वेळ आली तर त्यावरचा आयएसचा, म्हणजे भारतीय मानकाचा शिक्का बघा. आयएस ३०३ चा साधा प्लाय कोरड्या खोलीत ठीक. दारात, ओल्या छत्रीशेजारी, आयएस ७१० चा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा लागतो, आणि तो तुमच्या बजेटात बसणार नाही. म्हणून प्लायचा नाद सोडा.

दुसरं, बूट हिरवे झाले त्यात रॅकच्या झाकणाचा दोष जास्त. ओले बूट बंद कपाटात ठेवले की बुरशीला आपण घर बांधून देतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चपलांना झाकण नको. उघड्या पट्ट्यांची फळी, खालून चार बोटं हवा. बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळी काढा. कोळशाची पुरचुंडी ठेवतात काहीजण, ती वास ओढते, पाणी फारसं नाही.

तिसरं, जागा. काही विकत घ्यायच्या आधी एक काम करा. दाराच्या मोकळ्या कडेला खाली खडू धरा आणि दार सावकाश पूर्ण उघडा. लादीवर कमान उमटेल. कमानीच्या आत काही ठेवायचं नाही, बाहेरचं सगळं तुमचं. तुम्ही दिलेल्या मापावरून माझा अंदाज: उजव्या भिंतीला दहा इंच खोलीची वस्तू ठेवायची तर दारापासून पावणेदोन फूट सोडावे लागतील. पुढे अडीच फुटांचं बाक आरामात बसतं. चालायला बत्तीस इंच उरतात, दोन पिशव्या घेऊन माणूस जातो.

म्हणजे बाकच घ्या. सासूबाई बसतील, खाली चपला राहतील. नवीन नको. जुनं सामान विकणाऱ्याकडे शाळेची, दवाखान्याची मोडकी बाकं पडलेली असतात. फणसाचं किंवा सागाचं मिळालं तर डोळे झाकून घ्या, वाळवीची भोकं तेवढी डोळे उघडून बघा. उंची अठरा इंचांच्या खाली नको. गुडघे दुखणाऱ्याला बुटक्या बाकावर बसता येतं, उठता येत नाही. पायांच्या तळाला ऑइलपेंटचे दोन हात द्या आणि रबराच्या टोप्या घाला, लादीवरची ओल वर चढत नाही.

चिकट हुकांबद्दल: डिस्टेंपरला काहीच धरत नाही, हूक रंगाला चिकटतो आणि रंग भिंत सोडतो. पण मुख्य दाराची आतली बाजू सनमायकाची असेल तर तिथे मस्त धरतो. स्पिरिटने पुसा, चिकटवा, एक दिवस काही टांगू नका. दारामागे नऊ इंच आहेत, रेनकोट बसतील. हेल्मेट बसणार नाही, दार अर्ध्यावर अडेल.

एमसीबीचा डबा झाकायचा तर हलकं काहीतरी टांगा, पण रात्री अंधारात एका हाताने बाजूला होईल असं.

---

शुभवास्तु

दारासमोर आरसा लावू नका, लक्ष्मी परतते. उजव्या भिंतीला लावा.

---

पेडणेकरीण

उजव्या भिंतीला एमसीबी आहे, डाव्या भिंतीला दार आहे, समोर हॉल आहे. लक्ष्मी आली तर आधी तिला उभं राहायला जागा करायची आहे.

चौकटवाले दादा, खडूचं आत्ताच केलं! कमान एकोणीस इंचांवर संपली. मुलाला वाटलं मी रांगोळी काढतेय, त्याने आत फुलं काढली. दाराला आतून सनमायकाच आहे. बाकाच्या शोधात रविवारी निघतो.

---

जुना_डिचोलीकर

बाय, चौकटवाल्याने कामाचं सांगितलं, मी शोभेचं सांगतो. वय सत्तर, वेळ भरपूर.

छत्र्यांसाठी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घे. प्रत्येक बिल्डिंगच्या गच्चीवर एक तरी पडलेला असतो. तळाला मूठभर गोटे टाक, म्हणजे छत्र्यांची टोकं पाण्यात राहात नाहीत. पाणी मात्र रोज रात्री ओत. आमच्या वाड्यावर एकाने आठवडाभर ओतलं नाही, डासांची अंगणवाडी झाली होती.

काथ्याचं पायपुसणं आता गुंडाळून ठेव. जूनमध्ये भिजलेला काथ्या चवथीपर्यंत सुकत नाही. रबराचं जाळीदार घे, नळाखाली धरलं की झालं.

आता शोभा. लोक शोभेसाठी निळ्या-पांढऱ्या अझुलेजु, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या टाइल्स घेतात. सुंदर असतात, पण हाताने रंगवलेल्या खऱ्या टाइलला तुझं बजेट पुरणार नाही, आणि भाड्याच्या भिंतीला लावणार कशी? त्यापेक्षा आपली कावी, म्हणजे तांबडी-पांढरी भिंतीवरची नक्षी कर. मोरजीला मोरजाईच्या देवळात पाहिली असशील, तुझ्या पेडण्यातच की. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा दाखवायचा. दोनच रंग. कंपासने काढलेली फुलं, वेली, मोर. ज्यांनी ती केली त्यांच्याकडे बाजारातून आणलेलं काही नव्हतं, चुना आणि आपली तांबडी माती.

भिंतीवर तुला जमणार नाही. पण गावच्या घरी जुनी मंगळुरी कौलं रचून ठेवलेली असतील. एक घेऊन ये. तांबडं आयतं मिळालं, वर पांढऱ्या अॅक्रिलिकने नक्षी काढ. ओल लागली तरी कौलाला काय होतंय? जन्मभर पावसातच होतं ते. टांगू मात्र नकोस, अडीच-तीन किलोचं धूड पायावर पडेल. बाकाच्या शेजारी भिंतीला टेकवून उभं कर.

आणि पोदेराची पिशवी दाराच्या बाहेरच्या कडीला रात्रीच लाव, आत सुट्टे पैसे ठेवून. तो वर येत नसेल तर दोरी बांधून खिडकीतून सोड. पणजीत आल्तिन्योला माझी बहीण राहायची, ती तसेच पाव घ्यायची, पॉय सहा आणि उंडे चार.

---

नाईट_शिफ्ट

काका, सेन्सरवाला बल्ब राहिला. माणूस आला की आपोआप लागतो. मी पहाटे तीनला घरी येतो, स्विच शोधताना चपलांवर पडायचो. पिवळसर प्रकाशाचा घ्या, पांढरा घेतलात तर जागा दवाखान्यासारखी दिसते.

---

पेडणेकरीण

चवथ होऊन बारा दिवस झाले, आता हिशोब देते.

बाक मिळालं, फणसाचं. विकणारा म्हणाला बाराशे, मी म्हटलं एक पाय डुगडुगतोय, नऊशेला तुटलं. रिक्षा दीडशे. बाकाच्या खाली आडव्या दोन पट्ट्या आधीच होत्या, त्यावर सहा जोड राहतात. ऑइलपेंट १८०. दाराचे हूक २५०, दोन महिने झाले, एकही पडलेला नाही. रबराची दोन पायपुसणी ३५०. सेन्सरचा बल्ब २९९. पांढरा रंग आणि ब्रश ११०. बाकीच्या आठ जोडांतले दोन टाकून दिले आणि सहा धुऊन, चांगले सुकवून पलंगाखाली प्लॅस्टिकच्या दोन खोक्यांत गेले, खोके ४२०. एकूण २६५९. रंगाचा डबा गच्चीवरून फुकट आणि कौल गावाहून, चवथीला गेलो तेव्हा माटोळीच्या (गणपतीवर फळं टांगतात त्या मांडवाच्या) उरलेल्या नारळांबरोबर गाडीत घातलं.

कौलावर नक्षी मुलाने काढली, कंपासपेटी घेऊन. पहिलं फूल सहा पाकळ्यांचं गोल सुरेख आलं, दुसरं काढताना कंपास घसरला, म्हणून तिसऱ्याच्या जागी त्याने मोर काढलाय. मोर बराचसा कोंबडीसारखा आहे. डिचोलीकर काका, फोटो काढून टाकते, हसू नका.

कॅलेंडर डागावरून काढून एमसीबीच्या डब्यावर टांगलं. त्यामुळे डाग उघडा पडला. त्यासमोर कौल उभं केलं असतं, पण डाग बराच वर आहे. मालकीणबाई येऊन गेल्या. डाग बघितला, काही बोलल्या नाहीत, बाकावर बसून चपला घातल्या आणि हे बाक कुठे मिळालं ते विचारून गेल्या.

पोदेराचं काकांनी सांगितलं तसं केलं. तो तीन मजले चढत नाही, म्हणून दोरी. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मांजराने पिशवी अर्ध्यात अडवली. आता वेगळ्या खिडकीतून सोडते.

सासूबाई काल आल्या. बाकावर टेकल्या, सावकाश चपला काढल्या, पायाने पट्ट्यांवर सरकवल्या. मग कौलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं नक्षीबद्दल काही बोलतील. म्हणाल्या, "हें आमच्या न्हाणयेवयलें मगो?" न्हाणीवरचंच होतं. मग हातातली ओली छत्री वर धरून छताकडे बघायला लागल्या, वासा शोधत. मी डबा दाखवला.

हेल्मेटांचं मात्र काही सुटलेलं नाही. सध्या दोन फ्रिजवर आहेत आणि एक बाकावर, सासूबाई बसायच्या वेळी आम्ही ते हातात धरून उभे राहतो. कोणाकडे काही युक्ती असेल तर सांगा. उरलेले पैसे ३४१.