२०१६ मधलं तुमचं सगळ्यात लाडकं गाणं कोणतं?

शिलाईवाली: वर्ष सरत आलं. मी दिवसभर ब्लाउज शिवते आणि गाणी ऐकते. यंदा माझं गाणं एकच, 'सैराट'मधलं 'याड लागलं'. मशीनच्या खडखडाटात ते ऐकवतच नाही मला. हुक आणि हातशिलाईसाठी राखून ठेवते, तेव्हा मशीन बंद असतं. व्हायोलिनचा तो ताफा भरून आला की सुई हातातच राहते. अजय-अतुलनी वाद्यवृंद थेट हॉलिवूडला ध्वनिमुद्रित केला, आणि वर अजयचा तो अस्सल गावरान आवाज! तुमचं कोणतं?

तानपुरा: ताई, माझं 'कट्यार काळजात घुसली' सिनेमातलं 'अरुणी किरणी'. 'कट्यार' नोव्हेंबर २०१५ चा, पण या गाण्यासाठी गायक महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार यंदा मिळाला, म्हणून मी धरतो. तान कशी लख्ख!

सातारकर: 'झिंगाट'. यंदा एकही वरात त्याच्याशिवाय निघाली नाही आमच्याकडे.

शिलाईवाली: तानपुरा दादा, आत्ताच ऐकलं. दोनदा. मला रागदारीतलं काही कळत नाही, पण उजाडताना दार उघडल्यासारखं वाटलं. उद्या पहाटे मशीनवर बसण्याआधी पुन्हा लावणार. त्याच सिनेमातलं 'सूर निरागस हो'पण ऐकू का?

तानपुरा: अगदी आधी तेच ऐका.