मदत हवी आहे: लेकीला रात्री घशाशी आंबट येतं

माझी लेक पावणेदोन वर्षांची आहे. दिवसभर छान खेळते, पण रात्री झोप लागली की थोड्याच वेळात दचकून उठते, पाठ ताणून मागे वाकते, घशाशी आलेलं परत गिळते आणि कळवळून रडते. तोंडाला आंबट वास येतो. खांद्यावर उभं धरलं की शांत, आडवं केलं की पुन्हा तेच. बघवत नाही हो.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलंय. रिफ्लक्स आहे म्हणाले, म्हणजे पोटातलं आंबट परत वर घशाशी येतं. वजन नीट वाढतंय, उलटीत रक्त किंवा हिरवं काही नाही, म्हणून औषधाआधी जेवणाच्या वेळा बदलायला सांगितल्या. आता वरण-भात सातलाच भरवते, टोमॅटोचं सार बंद केलंय. थोडा फरक आहे.

खरं अडतंय ते दुधापाशी. बाटलीशिवाय ती झोपतच नाही, आणि दूध पिऊन लगेच आडवी झाली की त्रास ठरलेलाच. सासूबाई ओव्याचं पाणी पाजायला सांगतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं मन धजत नाही.

या वयात कुणी झोपतानाची बाटली सोडवली आहे का? एकदम बंद केलीत की हळूहळू कमी केलीत? मध्यरात्री दूध मागितलं तर काय करायचात? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.