रविवारी ब्लिझार्ड आहे की नुसता बर्फ?

सोसायटी ग्रुप, श्रूजबरी (मॅसॅच्युसेट्स) · शुक्रवार संध्याकाळ

युनिट २: नमस्कार मंडळी. आमचा इथला पहिलाच हिवाळा. टीव्हीवर रविवारी रात्री १२ ते १८ इंच सांगतायत. म्हणजे ब्लिझार्डच ना हा?

युनिट ११ काका: इंचांवर ब्लिझार्ड ठरत नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. सलग वारा किंवा पुन्हापुन्हा येणारे झोत ताशी ३५ मैल किंवा त्याहून जास्त. पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचं न दिसणं. आणि हे दोन्ही किमान ३ तास. थंडी किती, याची अट नाही.

युनिट २: मग २ इंचांतही होईल?

युनिट ११ काका: नवीन बर्फ अजिबात न पडताही होतं. डकोटाच्या माळरानावर वर आकाश स्वच्छ असतं आणि आधी पडलेला भुसभुशीत बर्फ वारा उडवतो. त्याला ग्राउंड ब्लिझार्ड म्हणतात. उलट २० इंच शांतपणे पडला तर फावडं मारून कंबर मोडेल, पण तो ब्लिझार्ड नव्हे.

युनिट ७: कॅनडात टोरांटोला असलेल्या नातेवाइकांशी वाद घालू नका बरं का, तिकडे ब्लिझार्डचा निकष वेगळा आहे. वारा ताशी ४० किलोमीटर, दिसणं ४०० मीटर किंवा कमी, पण ४ तास. वारा कमी चालतो, तास एक जास्त.

युनिट ९: टीव्हीवाले दरवेळी घाबरवतात. २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला २० ते ३० इंच सांगितले होते, सेंट्रल पार्कात १० सुद्धा भरले नाहीत.

युनिट ११ काका: बरोबर, आणि त्याच वादळात आपल्या शेजारी वूस्टरला ३४.५ इंच पडला. वादळ थोडं पूर्वेकडून गेलं, एवढाच फरक. म्हणून नॉरईस्टरमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगत वर सरकणाऱ्या अशा वादळांत, इंचांआधी मार्ग बघायचा. कमी दाबाचं केंद्र ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम या बिंदूजवळून गेलं तर आपल्याला भरपूर बर्फ. किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्रावरची उबदार हवा आत येते आणि बॉस्टनला पाऊस. फार बाहेरून गेलं तर आपण कोरडे. आजच्या हवामानाच्या मॉडेलांत वादळाच्या मार्गाचा अजून ५०-६० मैलांचा घोळ आहे, त्यामुळे १२ ते १८ हा आकडा आज दगडावरची रेघ समजू नका.

युनिट २: मग बघायचं काय?

युनिट ११ काका: वेदर सर्व्हिसच्या पानावर ‘किमान’ आणि ‘कमाल’ असे दोन नकाशे असतात. किमानपेक्षा कमी पडण्याची शक्यता दहात एक, कमालपेक्षा जास्त पडण्याचीही दहात एक. तयारी कमालची करायची. सध्या फक्त वॉच आहे, म्हणजे शक्यता. उद्या ब्लिझार्ड वॉर्निंग लागली तर ती वाऱ्यामुळे लागेल, इंच वाढले म्हणून नाही. आणि तसं झालं तर गाडी घेऊन बाहेर पडायचं नाही.

युनिट ७: प्रत्यक्ष झालं का ते वूस्टर विमानतळाच्या निरीक्षणांवर कळतं. तिथे वारा नॉट्समध्ये असतो, त्यामुळे ३५ मैलांसाठी झोत ३१ नॉट्स किंवा वर हवेत. फक्त विमानतळ टेकडीवर हजार फुटांवर आहे. तिथे आपल्यापेक्षा वारा जास्त आणि कधी नुसत्या ढगानेच काही दिसत नाही.

युनिट ९: ठीक. दूध, ब्रेड, अंडी. झालं.

युनिट ४ ताई: दूध-ब्रेड सोडा हो, पोह्यांवर दोन दिवस निघतात. आधी घराच्या बाजूच्या भिंतीवरचे पांढरे पाइप बघून या. आपल्या सगळ्यांकडे घर तापवायला ९० टक्क्यांवरच्या कार्यक्षमतेचे गॅस फर्नेस आहेत. ते चिमणीतून नाही, त्या दोन पीव्हीसी पाइपांतून श्वास घेतात. एकातून हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. नुसत्या हिमवर्षावात ते सहसा उघडे राहतात. ब्लिझार्डमध्ये वारा बर्फ भिंतीशी रचतो. पडतो १० इंच, भिंतीलगत ढीग ३-४ फूट. पाइप गाडला जातो.

युनिट २: गाडला गेला तर फर्नेस बंद पडतो?

युनिट ४ ताई: पडायला हवा. प्रेशर स्विच हवेचा दाब बघतो आणि जाळ बंद करतो. फर्नेस दोन-चारदा पेटायचा प्रयत्न करून लॉकआउटला जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो. लोक म्हणतात फर्नेस बिघडला, आणि मेकॅनिकला फोन करत बसतात, जो त्या दिवशी येऊ शकत नाही. पाइप मोकळा करा, फर्नेसचा स्विच मिनिटभर बंद करून चालू करा, बहुतेक वेळा सुरू होतो. पण प्रेशर स्विचवर भरवसा ठेवून झोपू नका. २००५ च्या जानेवारीतल्या वादळात प्लिमथमध्ये व्हेंट, म्हणजे धुराचा पाइप, बर्फाने बुजला आणि घरात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू साठून सात वर्षांची मुलगी गेली. आपल्याकडचा घरोघरी सीओ अलार्मचा कायदा, निकोल्स लॉ, त्यानंतर आला.

युनिट ४ ताई: भिंतीवर जमिनीपासून आठ फुटांवर ‘खाली गॅस व्हेंट आहे’ अशी पाटी आहे ना, ती शोभेची नाही. पाइप गाडला गेला की पाटीच्या सरळ खाली खणायचं. सगळीकडून ३ फूट मोकळं. शेवटचे काही इंच झाडूने किंवा हाताने, लोखंडी फावडं पीव्हीसी फोडतं. स्नोब्लोअरची, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या यंत्राची, तोफ त्या भिंतीकडे वळवायची नाही. मागे कपड्यांच्या ड्रायरचा व्हेंटही आहे, तो मोकळा होईपर्यंत ड्रायर लावू नका.

युनिट ९: सीओ अलार्म मधूनमधून बीपबीप करतो, तो हाच इशारा का?

युनिट ४ ताई: थोड्या थोड्या वेळाने एकच बीप म्हणजे बॅटरी संपली किंवा यंत्राचं वय झालं. मागे तारीख छापलेली असते, ७ ते १० वर्षांत बदलायचं. लागोपाठ ४ बीप, थांबून परत ४, म्हणजे सीओ. खिडकी उघडून वास घेत बसायचं नाही, त्याला वास नसतो. सगळ्यांनी बाहेर, मग ९११.

युनिट २: वीज गेली तर गॅसचा फर्नेस चालेल ना?

युनिट ४ ताई: नाही. पंखा आणि कंट्रोल बोर्ड विजेवर.

युनिट ९: माझ्याकडे जनरेटर आहे. गॅरेजचं दार उघडं ठेवून चालवतो.

युनिट ४ ताई: दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून २० फूट लांब, एग्झॉस्ट, म्हणजे धुराचं तोंड, घराच्या उलट दिशेला. आणि ड्रायरच्या सॉकेटमधून घराला वीज द्यायची कल्पना असेल तर ती आत्ताच सोडा. घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा ट्रान्सफर स्विच नसेल तर ती वीज उलटी लाइनवर जाते आणि तार जोडणाऱ्या माणसाचा जीव जातो. फ्रिज आणि दिव्यांसाठी जाड एक्स्टेंशन कॉर्ड पुरे. बार्बेक्यूची ग्रिल तर घरात किंवा गॅरेजमध्ये नाहीच.

युनिट ७: फ्रिज न उघडता ४ तास टिकतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८, अर्धा असेल तर २४. मोकळ्या जागेत आज रात्री पाण्याच्या बाटल्या गोठवा, वर थोडी जागा सोडून.

युनिट ४ ताई: घर ५५ फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं तर उत्तरेच्या भिंतीवरच्या सिंकची कपाटं उघडी ठेवा आणि नळाची बारीक धार चालू. फारच गार झालं तर तळघरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडायचा, म्हणजे पाइप रिकामे होतात. तो व्हॉल्व्ह कुठे आहे ते आज बघा. अंधारात टॉर्च दाताखाली धरून शोधण्यात मजा नाही.

युनिट २: आणि गाडी अडकलीच तर?

युनिट ११ काका: गाडी सोडून चालत निघू नका, पाव मैलावरचं दिसत नसेल तर वीस पावलांवर दिशा चुकते. आधी मागचा एग्झॉस्ट मोकळा करा, मग तासाला दहा मिनिटं इंजिन, खिडकी किंचित उघडी. १९७८ च्या फेब्रुवारीत बॉस्टनला २७.१ इंच पडला आणि रूट १२८ वर हजारो गाड्या अडकल्या. एग्झॉस्ट बर्फात बुजून काही जण गाडीतच गेले.

युनिट ९: बरं, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा प्लाववाला येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो डोंगर रचतो, त्यावर काही उपाय?

युनिट ७: रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाव डावीकडून येतो. तुमच्या ड्राइव्हवेच्या डावीकडे रस्त्याच्या कडेला गाडीएवढा खिसा रिकामा करा आणि सगळा बर्फ उजवीकडे टाका. प्लावचा बराचसा माल त्या खिशात पडतो. बर्फ वितळवायला टाकतात ते जाडं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली जवळजवळ निकामी होतं, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. नवीन काँक्रीटवर दोन्ही नको.

युनिट ११ काका: युनिट ९, तुमच्यासमोर हायड्रंट, म्हणजे अग्निशमनाचा नळ, आहे. त्याच्याभोवती ३ फूट मोकळं करा.

युनिट ९: माझा झाला. ५ नंबर भारतात गेलेत, त्यांच्या व्हेंटचं कोण बघणार?

युनिट ४ ताई: त्यांची किल्ली माझ्याकडे आहे. वादळात दर ३ तासांनी दोघांनी मिळून सगळे व्हेंट बघायचे, एकट्याने नाही. पाव मैल दिसत नसेल तर भिंतीला हात लावून जायचं. रविवार रात्री ११ ला मी आणि ७ नंबर. २ ला कोण?

युनिट २: आम्ही येतो. कुठली पाटी ते उद्या उजेडी दाखवाल?

युनिट ४ ताई: १० वाजता मागच्या दारी या, फावडं आणि झाडू घेऊन.