मदत हवी आहे: खाऱ्या हवेत टिकणारे स्क्रू कुठले?
घर मालवणात, समुद्र हाकेच्या अंतरावर. पडवीत ठेवायला फणसाच्या जुन्या फळ्यांचा बाक करतोय. फळी 25 मिमी, पाय 50 मिमी. आधी झिंकचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू लावले, ते पावसाळ्यात गंजले आणि भोवतालचं लाकूड काळं पडलं. पितळी आणले, तर भोक पाडून, मेण लावूनही डोकी तुटली. (जुना फणस म्हणजे दगडच!) सुतार म्हणतात खुंट्या मारा, पण बाक दर पावसाळ्यात सुटा करून माळ्यावर टाकायचाय.

म्हणजे स्टेनलेसच. त्यातला 304 हा प्रकार इथे मिळतो; 316 या प्रकारात मॉलिब्डेनम हा धातू असल्याने तो खाऱ्या हवेत जास्त टिकतो, पण बाहेरून मागवावा लागेल. हाताशी साधी ड्रिल मशीन आहे, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं यंत्र) नाही.

किनाऱ्यावर कोणी वापरलाय का? छपराखाली 304 भागेल? आणि दरवर्षी खोलायचं तर स्क्रूऐवजी 6 मिमीचे नट-बोल्टच घालू का?