डिश घ्यावी की केबल? घणसोलीत नवीन घर, सल्ला हवा

मृण्मयी_घ
नमस्कार मंडळी. गणपतीआधी घणसोलीच्या नव्या घरात राहायला जातोय. सासू-सासरे साताऱ्याहून कायमचे येताहेत, त्यामुळे टीव्ही लागणारच. आम्हा दोघांचं मोबाईलवर भागतं. आईंना संध्याकाळच्या मराठी मालिका, बाबांना बातम्या आणि क्रिकेट. टीव्ही दोन: एक हॉलमध्ये, एक त्यांच्या खोलीत. घर चौथ्या मजल्यावर, वर अजून दहा मजले. केबलवाला सांगून गेला, "डिश पावसात बंद पडते." डिशवाला म्हणतो, "केबलवाले फोन उचलत नाहीत." खरं कोणाचं?

नौपाडाकर
दोघांचंही. :)

पारसिकचा_वारा
आधी बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते सांगा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडच्या मोठ्या डीटीएच (उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर टीव्ही देणाऱ्या) कंपन्यांचे उपग्रह विषुववृत्तावर साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशावर आहेत आणि आपण ७३ वर. म्हणजे डिशला आग्नेयेचं आकाश मोकळं हवं. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर गच्चीशिवाय पर्याय नाही. गच्ची म्हटली की सोसायटीची परवानगी आली, वर दहा मजले वायर. लांबलचक वायरीत सिग्नल पडतो.

पावसाचं म्हणाल तर डीटीएच केयू बँड नावाच्या उच्च कंप्रतेच्या रेडिओलहरींवर चालतं आणि त्या लहरी मुसळधार पावसात अडतात. रिमझिमीने काही होत नाही. जुलैत अंधारून येऊन कोसळतो तेव्हा चित्र जातं, सर ओसरली की परत येतं. साध्या पावसातही तासन्‌तास जात असेल तर डिश नीट बसवलेली नाही. बसवणाऱ्याला निघायच्या आधी सेटिंगमधलं सिग्नलचं पान उघडायला लावा. स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतील. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात, बघायची असते क्वालिटी. ती जेमतेम असली तरी कोरड्या दिवशी चित्र झकास दिसतं आणि जूनच्या पहिल्या सरीला बोंब. एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा) जोडावर टेप घट्ट गुंडाळून घ्या, खाडीच्या हवेत कनेक्टर फार लवकर गंजतात.

वसंतविहारवाले_काका
आमच्याकडे ठाण्यात पहिल्यापासून केबल. पावसाने चित्र जात नाही हे खरं, पण विजेचं दुखणं वेगळं. घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नाही, कारण केबलचे अ‍ॅम्प्लिफायर वाटेतल्या इमारतींच्या विजेवर चालतात. पलीकडच्या गल्लीत फेज गेला की आमच्या मालिकेचा शेवट गुलदस्त्यात. रस्ता खोदला की वायर तुटणार हेही धरून चाला.

तरी केबल सोडत नाही, कारण हाकेला माणूस येतो. रिमोटवर भलतंच बटण दाबलं जाऊन टीव्ही एचडीएमआयवरून एव्हीवर गेला आणि पडदा निळा झाला, तर आमच्या सौ. केबलच्या पोराला फोन करतात. तो संध्याकाळी वसुलीला येतो तेव्हा दोन मिनिटांत लावून देतो. हेच कॉल सेंटरवाल्याला फोनवर समजावून बघा! तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असणार, सून म्हणून याचा विचार करा. तुमच्या विंगेतल्या दोन-तीन घरी विचारा की तिथला केबलवाला पावसाळ्यात फोन उचलतो का.

मृण्मयी_घ
धन्यवाद काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाल्कनी पूर्वेला, समोर मैदान. स्वस्त काय पडेल?

हिशेबनीस
वाहिनीची कमाल किंमत प्रसारक ठरवतो आणि ती केबलला, डिशला सारखीच असते. फरक पडतो नेटवर्क शुल्कात (जोडणीसाठी दरमहा द्यायची रक्कम) आणि सवलतीत. २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामकाची) नवी पद्धत आली तेव्हा या शुल्काला १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ती काढली, म्हणून आता ज्याचा त्याचा दर विचारून घ्या. १८ टक्के जीएसटी धरून आकडा सांगा म्हणावं, आणि दुसऱ्या टीव्हीचे किती तेही. दुसऱ्या टीव्हीला वेगळा बॉक्स लागतोच. एजंटच्या तोंडचा 'फॅमिली पॅक' घेऊ नका, त्यात आई-बाबा कधी लावणार नाहीत अशा वाहिन्यांची भरताड असते. मराठी बुके (प्रसारकाने एकत्र दिलेल्या वाहिन्यांचा संच) घ्या, स्पोर्ट्स वाहिनी सामने असतील तेव्हा जोडा, नंतर काढा. खोलीतल्या छोट्या टीव्हीला एचडी कशाला?

नौपाडाकर
त्या खोलीत डीडी फ्री डिश चालेल का बघा. बॉक्स आणि डिशचे एकदाच पैसे, महिन्याचं काही नाही, सह्याद्री मिळते. मात्र तिचा उपग्रह ९३.५ अंशावर, म्हणजे आणखी एक डिश. आईंच्या वाहिन्या त्यावर आहेत का ते आधी तपासा, पे चॅनल तिथे नसतात.

पारसिकचा_वारा
पूर्वेला मोकळं आहे म्हणजे माझं मत डिशला, पण कुठलीही नको. एअरटेलचा उपग्रह १०८ अंशावर, तो आपल्याकडून बराच पूर्वेला आणि खाली दिसतो. तुमच्या बाल्कनीत तो सहज बसेल. टाटा प्लेचा ८३ वर, दक्षिणेकडे झुकलेला आणि बराच उंच, त्याला वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येऊ शकतो. आधी माणूस बोलवून जागेवर सिग्नल तपासा, पैसे मग. आणि ग्रिलबाहेर डिश लावायला सोसायटीची ना आहे का ते सेक्रेटरींना विचारा. ना असेल तर काकांचं ऐका.

मृण्मयी_घ
सेक्रेटरींना आत्ताच मेसेज टाकलाय. कळलं की इथेच लिहिते.