विवाह-कुटुंब समुपदेशकाचं लायसन्स आपल्याकडं कुठं मिळतं?

माजलगावची_ताई
मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलंय. बीड जिल्ह्यातल्या एका समुपदेशन केंद्रात सहा वर्षं झाली. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, की आमच्याकडं गर्दी होते. ऊसतोडीची जोडपी गावाकडं येतात आणि सहा महिने फडावरच्या झोपडीत, कोपीत, दाबून ठेवलेलं सगळं घरी आल्यावर बाहेर पडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला एकच जोडी धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो नवरा, फेडतात दोघं. निम्मी भांडणं या उचलीचीच असतात. तो पैसा कुठं गेला, हे बाईला कुणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात एका मुलीचे सासरे बैठकीतच म्हणाले, वकिलाला सनद असते, डॉक्टरला नंबर असतो, तुमच्याकडं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. माझी आतेबहीण म्हणते, अमेरिकेत याचं वेगळं लायसन्स असतं. आपल्याकडं आहे का? आणि नसेल तर मी दारावरच्या पाटीवर काय लिहू?

लातूरचा_वकील
ताई, असं वेगळं लायसन्स भारतात नाही. कुटुंब न्यायालय कायदा 1984 च्या कलम 6 खाली न्यायालयात समुपदेशक नेमतात, पण ती नेमणूक आहे, बाहेर व्यवसाय करायचा परवाना नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 14 आहे, त्यात न्यायाधीश समुपदेशनाला पाठवू शकतात. तुमची संस्था त्या कायद्याखाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदलेली आहे का, हे आधी बघा. सासऱ्यांना दाखवायला तो कागद पुरेसा आहे.

संभाजीनगर_मानसशास्त्र
पाटीवर ‘समुपदेशक, एमएसडब्ल्यू’ एवढंच लिहा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ चुकूनही लिहू नका, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तुमच्या पदवीला जवळची वाट म्हणजे मनोविकार समाजकार्य, म्हणजे मानसिक रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबतचं समाजकार्य. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. सांगितलंय. एम.फिल. मात्र देशभर बंद होत आलंय आणि या विषयाला 2025-26 पर्यंतच मुभा होती, त्यामुळं बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी सध्या काय चालू आहे ते विचारूनच ठरवा. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या यादीत समाजकार्यकर्तेही आहेत, तिकडंही लक्ष ठेवा.

परभणी_ते_सॅन_होजे
मी त्याच लायसन्ससाठी तास भरायलेय, म्हणून सांगते. इथं ते राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात आधी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, मग ‘असोसिएट’ म्हणून नोंदणी, मग देखरेखीखाली 3000 तास, तेही किमान 104 आठवड्यांत. त्यातले 1750 तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यातले 500 जोडपी, कुटुंबं किंवा मुलांसोबतचे. दोन परीक्षा: एक कायदा आणि नीतीची, दुसरी क्लिनिकल. एवढं करून माजलगावात ते चालणार नाही.

पण ताई, कागदापेक्षा मला त्या देखरेखीनं घडवलं. दर आठवड्याला मी काय बोलले, ते वरिष्ठांपुढं मांडावं लागतं. एका जोडप्यात मी बायकोची बाजू घेत होते आणि नवरा गप्प होत चालला होता. मला ते दिसलंच नव्हतं, त्यांनी दाखवलं. तुमच्यावर असं कुणी आहे का?

माजलगावची_ताई
नाही. सहा वर्षांत माझी एकही केस कुणी माझ्यासोबत बसून ऐकली नाही. अहवाल जातात, त्यात फक्त आकडे. ‘तडजोड झाली’ या रकान्यात मी किती जणींना परत पाठवलं, ते आठवून आत्ता हात थांबला.

वकील साहेब, संस्थेची नोंदणी उद्याच विचारते. मॅडम, तुम्ही संभाजीनगरात महिन्यातून एकदा माझ्या केसेस ऐकाल का? नावं-गावं काढून आणीन. फीचं सांगा, एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल.

संभाजीनगर_मानसशास्त्र
या. दुसऱ्या शनिवारी. ज्या केसचा विचार सुटत नाही, ती आधी आणा.